एक गाणं, चार चार्ट: एक्सपर्टपासून ईझीपर्यंत माझी पद्धत

पाच बटणांच्या गिटार-गेमसाठी गाणं चार्ट करायला, म्हणजे कोणती नोट कधी आणि कोणत्या बटणावर वाजवायची ते लिहायला, घेतलं की एका गाण्यामागे चार चार्ट करावे लागतात: एक्सपर्ट, हार्ड, मीडियम आणि ईझी. हौशी मंडळी एक्सपर्टवर जीव ओततात आणि खालच्या तीन पातळ्या एखाद्या स्क्रिप्टच्या हवाली करतात किंवा रिकाम्याच ठेवतात. मला याचं फार वाईट वाटतं. ईझी खेळणाऱ्यालाही आपण तेच गाणं वाजवतोय असं वाटायला हवं, आणि एक सोडून एक नोट पुसल्याने ते साधत नाही. मी मूनस्क्रेपर चार्ट एडिटरमध्ये काम करते आणि क्लोन हीरो या गिटार-गेममध्ये तपासते, त्यामुळे खालचे आकडे त्यांचे आहेत. विचार मात्र कुठल्याही रिदम गेमला लागू पडतो.

सुरुवात ऑडिओपासून. एमपीथ्री फाइल मी वापरत नाही, ऑग या प्रकारची फाइल घेते. एमपीथ्री बनवताना आणि उलगडताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरच्या ५७६ आणि डीकोडरच्या ५२९ मिळून ११०५ सॅम्पल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २५ मिलिसेकंद. काही प्लेअर ती कापतात, काही कापत नाहीत, आणि एडिटरमध्ये चपखल बसलेला चार्ट गेममध्ये सरकलेला वाटतो. गाणं पहिल्याच क्षणी सुरू होत असेल तर ऑडिओलाच पुढे दोन-तीन सेकंदांची शांतता जोडते. ऑफसेटचा, म्हणजे ऑडिओ आणि चार्ट यांतल्या वेळेच्या फरकाचा, आकडा शून्यच ठेवते, कारण प्रत्येक प्रोग्राम ऑफसेट सारख्याच रीतीने वाचेल याची खात्री नसते.

मग टेम्पो मॅप, म्हणजे गाण्याचा वेग कुठे किती आहे त्याचा नकाशा. एकही नोट टाकण्याआधी हा पूर्ण झाला पाहिजे, यात तडजोड नाही. चार मिनिटांचं गाणं प्रत्यक्षात १२०.१ बीपीएमचं (मिनिटाला इतक्या बीटचं) असेल आणि आपण १२० लिहिलं, तर शेवटापर्यंत २०० मिलिसेकंदांचा फरक साचतो. क्लोन हीरो नोटच्या आगेमागे प्रत्येकी सुमारे ७० मिलिसेकंद सवलत देतो, म्हणजे दीड मिनिटाच्या आतच अचूक वाजवणाऱ्याच्याही नोट्स चुकायला लागतील. चार्ट फाइलमध्ये टेम्पो हजारपटीत लिहितात, १२० म्हणजे १२००००, त्यामुळे दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत नेमकेपणा मिळतो. तो वापरावा.

क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, रेकॉर्ड झालेल्या गाण्याला बहुधा एकच टेम्पो पुरतो. पहिल्या बारची (तालाच्या एका आवर्तनाची) सम वेव्हफॉर्मवर नेमकी पकडायची, मेट्रोनोम लावायचा आणि थेट शेवटच्या बारवर जाऊन ऐकायचं. तिथे जुळलं तर मधलंही बहुतेक जुळलेलं असतं, तरी दोन-तीन ठिकाणी मी ऐकतेच. क्लिकशिवाय वाजवलेल्या गाण्यात वादक ध्रुवपदाकडे जाताना थोडे पळतात आणि शांत कडव्यात रेलतात. तिथे प्रत्येक बारच्या समेवर टेम्पोची खूण लागते. प्रत्येक बीटवर खुणा टाकू नयेत. ड्रमरच्या हाताचा नैसर्गिक थरथराटही मग मॅपमध्ये उतरतो आणि ग्रिड वेडीवाकडी होते. मूनस्क्रेपरमध्ये टेम्पोची खूण अँकर करता येते. मागचा टेम्पो बदलला तरी अँकर केलेली खूण आपल्या वेळेवरच राहते. ही सोय नसती तर तिसऱ्या बारमधल्या दुरुस्तीने साठावा बार हलला असता. समेची वेळ ठरवताना कान किक ड्रमवर ठेवायचा, आणि वेव्हफॉर्ममध्ये आघात जिथे उठतो ती जागा धरायची, सर्वांत उंच टोक नाही.

६/८ चं गाणं असेल तर लक्षात ठेवायचं की फाइलमध्ये ताल लिहिताना छेद दोनच्या घातात असतो: ६ आणि ३, कारण दोनचा तिसरा घात ८. एडिटरमधून केलं तर हे आपोआप होतं, हाताने फाइल दुरुस्त करणारे इथे अडकतात.

टेम्पो दुप्पट किंवा निम्मा धरण्याचा प्रश्न मात्र वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. टेम्पो शोधणारी साधनं १४० च्या गाण्याला बिनदिक्कत ७० म्हणतात. मेट्रोनोम तरीही जुळतो, म्हणून चूक कानाला कळत नाही. पण चार्ट फाइलमध्ये एका बीटचे १९२ टिक, म्हणजे बारीक भाग, असतात आणि दोन नोट्समधलं अंतर ६५ टिकपर्यंत असेल, शिवाय दुसरी नोट एकेरी आणि वेगळ्या बटणावरची असेल, तर गेम तिला आपोआप हॅमर-ऑन करतो, म्हणजे ती न छेडता नुसतं बटण दाबून वाजते. १४० मध्ये आठव्या भागाच्या, म्हणजे अर्ध्या बीटच्या, नोट्स ९६ टिकवर पडतात, त्यामुळे प्रत्येकीला स्ट्रम, म्हणजे छेड, लागतो. तेच गाणं ७० ने लिहिलं की त्याच नोट्स ४८ टिकवर येतात आणि सगळ्या चार्टभर नको तिथे हॅमर-ऑन उगवतात. ड्रमचा स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडेल असा टेम्पो निवडला की बहुतेक गाण्यांत हा गोंधळ टळतो.

एक्सपर्ट म्हणजे गिटार जे वाजवते ते सगळं. ऐकू येत नाही अशी नोट टाकायची नाही, मग हात कितीही शिवशिवोत. मी निम्म्या वेगावर ऐकते, घाईच्या जागा पाव वेगावर. दोन गिटार एकाच वेळी वेगळं वाजवत असतील तर एक धरायची आणि बदल फक्त विभागाच्या सीमेवर करायचा. ओळीच्या मध्यात एका गिटारवरून दुसरीवर उडी मारली की खेळणाऱ्याचा कान आणि बोटं यांची फारकत होते.

सुरांना बटणं देताना पाच बटणांत सगळे सूर मावत नाहीत हे गृहीतच आहे. जपायची असते ती दिशा. बटणं डावीकडून हिरवं, तांबडं, पिवळं, निळं आणि नारिंगी अशी असतात. सूर वर गेला तर बटण उजवीकडे, खाली आला तर डावीकडे, तोच सूर पुन्हा आला तर तेच बटण. आठ सुरांची चढती तान असेल तर ती हिरव्यापासून नारिंगीपर्यंत नेऊन मध्येच मागे आणावी लागते. हा मोड बीटवर आणायचा, बीटच्या मध्ये नाही. बीटवर आलेला मोड बोटांना नवी सुरुवात वाटतो. तीच रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी ओळ) परत आली तर तिचा आकारही तोच ठेवायचा. पॉवर कॉर्डला दोन बटणं, भरगच्च कॉर्डला तीन. लांबवलेल्या नोटची शेपटी पुढच्या नोटच्या निदान ४८ टिक आधी तोडायची, नाहीतर पडद्यावर दोन्ही चिकटलेल्या दिसतात आणि बोट कधी उचलायचं ते कळत नाही.

आता खालच्या पातळ्या. चार्ट फाइलमध्ये एक्सपर्ट पूर्ण निवडून हार्डमध्ये चिकटवते. चार्ट फाइलऐवजी मिडी फाइलमध्ये, जिथे प्रत्येक सुराला क्रमांक असतो, काम करणाऱ्यांना हे आणखी सोपं: एक्सपर्टच्या नोट्स ९६ ते १००, हार्डच्या ८४ ते ८८, मीडियमच्या ७२ ते ७६ आणि ईझीच्या ६० ते ६४, म्हणजे प्रत पातळीगणिक एकेक सप्तक खाली सरकवायची. मग हार्ड घडवायचा, हार्डवरून मीडियम, मीडियमवरून ईझी. प्रत्येक पातळी वरच्या पातळीतूनच निघाली की ईझीची प्रत्येक जागा एक्सपर्टमध्येही सापडते, आणि वर चढणाऱ्या खेळाडूला आधी शिकलेलं उपयोगी पडतं.

किती नोट्स ठेवायच्या हे ‘हार्डला आठवा भाग, मीडियमला चौथा भाग’ अशा नियमाने ठरवू नये. दर बीटला एक नोट ठेवली तर ९० बीपीएमला सेकंदाला दीड नोट होते आणि २०० ला ३.३. एकच नियम एका गाण्यात झोपाळू ठरतो, दुसऱ्यात नवख्याला चिरडतो. मी सेकंदाला किती नोट्स ते मोजते: ईझीला एक ते दीड, मीडियमला दोन ते अडीच, हार्डला चार ते पाच. २०० च्या गाण्यात मीडियमला एक बीट सोडून एक नोट ठेवावी लागते, तिथे हयगय नको.

१४० बीपीएमचा एक बार घेऊ. बीट ४२९ मिलिसेकंदांचा, बारचे टिक ७६८. पहिल्या तीन बीटवर घोडदौडीचा ठेका, एक लांब आणि दोन आखूड: ०, ९६, १४४, १९२, २८८, ३३६, ३८४, ४८०, ५२८. चौथ्या बीटवर ५७६ ला एक नोट, आणि ६७२ ला पुढच्या बारच्या समेआधी अर्धा बीट पडणारा कॉर्ड, जो पुढचा अख्खा बार घुमत राहतो. एक्सपर्टला अकरा नोट्स, सेकंदाला सुमारे ६.४.

हार्डसाठी १४४, ३३६ आणि ५२८ जातात. आखूड जोडीतली पहिली काढून दुसरी ठेवण्याचा मोह होतो, कारण ठेका कानाला जास्त ओळखीचा राहतो. पण मग १४४ नंतर लगेच ४८ टिकवर पुढची नोट येते, म्हणजे १०७ मिलिसेकंदांची उडी तशीच उरते आणि कठीणपणा काही कमी होत नाही. ४८० सुद्धा काढते, म्हणजे कॉर्डकडे हात सरकवायला अवकाश मिळतो. सात नोट्स उरल्या, सेकंदाला चार. मीडियमला ०, १९२, ३८४ आणि ६७२. ईझीला ०, ३८४ आणि ६७२. पुढचा बार घुमणाऱ्या कॉर्डचाच असल्याने दोन बार मिळून सरासरी सेकंदाला एकपेक्षा कमी पडते.

६७२ ची नोट ईझीमध्येही राहिली, याकडे लक्ष द्या. ती बीटवर नाही, म्हणून बहुतेक स्क्रिप्ट तिला काढतात किंवा सरकवून ७६८ वर, समेवर बसवतात. समेवर गिटारचा आघातच नाही! खेळणारा कॉर्ड ऐकतो तेव्हा पडद्यावर काही नसतं, आणि नोट येते तेव्हा कानाला काही मिळत नाही. जोरकस, आधी येणारी नोट नवख्यालाही कानाने पकडता येते. फक्त तिच्या आधीची शेजारीण, इथे ५७६, काढून तिला मोकळी जागा द्यायची. नोट सरकवायची कधीच नाही, ठेवायची किंवा काढायची.

बटणांची कपात अशी: हार्डला पाचही बटणं, पण कॉर्ड दोन बटणांचेच, आणि हिरवं-नारिंगी असा ताण नाही. तीनच्या कॉर्डमधलं मधलं बटण काढलं की आकार टिकतो. मीडियमला पहिली चार बटणं, कॉर्ड शेजारच्या दोघांचे किंवा मध्ये एक सोडून. ईझीला तीन बटणं, कॉर्ड नाहीत. नारिंगी नोटला सरसकट निळी करून चालत नाही, नाहीतर निळी-नारिंगी अशी चढण निळी-निळी होऊन सपाट पडते. ओळ पूर्ण पाहून नवा आकार बेतायचा, दिशा तीच.

हॅमर-ऑनच्या बाबतीत एक सापळा अनेक हार्ड चार्टमध्ये दिसतो. चार्ट फाइलमधली ‘फोर्स’ची खूण नोटला ठरावीक प्रकार देत नाही, तिचा मूळ स्वभाव उलटा करते. आपल्या उदाहरणात १४४ ला तांबडी आणि १९२ ला पिवळी धरू. अंतर ४८ टिक, म्हणून पिवळी स्वभावतः हॅमर-ऑन; गिटारवादक प्रत्येक नोट छेडतो म्हणून तिला फोर्स लावून स्ट्रम केलं. हार्डमध्ये तांबडी गेली, मागचं अंतर ९६ झालं, पिवळी आपसूक स्ट्रम झाली, पण खूण तशीच राहिली आणि तिला उलटी करून हॅमर-ऑन बनवून बसली. उपाय साधा: प्रत चिकटवली की खालच्या पातळीवरच्या सगळ्या फोर्स खुणा आधी पुसायच्या, कपात संपली की हार्डमध्ये लागतील तेवढ्याच नव्याने लावायच्या. मीडियम आणि ईझीमध्ये मी सगळं स्ट्रमच ठेवते.

लांब शेपट्यांचंही पुन्हा पाहावं लागतं. मधल्या नोट्स गेल्या म्हणून उरलेली नोट ओढून लांब करायची नाही. सूर खरोखर घुमत असेल तरच शेपटी. खालच्या पातळ्यांवर शेपटी आणि पुढची नोट यांत ९६ टिक तरी सोडते, कारण नवख्याचं बोट उशिरा उठतं.

स्टार पॉवरचे तुकडे (पूर्ण अचूक वाजवले की मीटर भरतं आणि ते वापरून काही काळ दुप्पट गुण मिळतात) मिडीमध्ये ११६ वर, चारही पातळ्यांना सामाईक असतात; चार्ट फाइलमध्ये प्रत्येक पातळीचे वेगळे लिहिलेले असतात. ते एकाच जागी ठेवावेत आणि प्रत्येक तुकड्यात ईझीच्या निदान दोन-तीन नोट्स उरतात का ते बघावं. एक तुकडा पाव मीटर भरतो आणि पूर्ण मीटर आठ बार चालतं, म्हणून दोन ते चार बारचे तुकडे गाणंभर पसरवते. सोलोच्या ऐन आधी एक ठेवला तर खेळणाऱ्याला सोलोत काहीतरी हाताशी राहतं.

तपासणी दोन प्रकारची. पहिली कानाची: मूनस्क्रेपरमध्ये प्रत्येक नोटवर टाळी चालू करून चारही पातळ्या पूर्ण वेगात ऐकायच्या, पडद्याकडे न बघता. टाळ्यांवरून गाणं ओळखू येत नसेल तर त्या पातळीची निवड चुकली. दुसरी हाताची, आणि इथे एक्सपर्ट खेळणाऱ्याचं मत ईझीबद्दल अजिबात धरू नये. त्याला सगळंच सोपं असतं. कधी गिटार कंट्रोलर न धरलेला माणूस बसवायचा आणि तो कुठे अडतो तेवढं टिपायचं. सगळे एकाच बारमध्ये अडत असतील तर बहुधा तिथे हात सरकवायला जागा नसते. नोट कमी करण्याआधी बटण बदलून बघावं.

शेवटी आयएनआय फाइल, जी गेमला गाण्याची माहिती देते: गिटारची कठिणाई ० ते ६ मध्ये, आणि प्रीव्ह्यू कुठून सुरू होणार ते मिलिसेकंदांत. कठिणाईचा आकडा एक्सपर्टवरून ठरवते, कारण यादीत खेळाडू त्यालाच एक्सपर्टचा मानतात. प्रीव्ह्यू ध्रुवपदाच्या एक बार आधीपासून लावते, म्हणजे आवाज वर येईपर्यंत ध्रुवपदाची सुरुवात हुकत नाही.