कर्व्हवरून पार्टिकल वाहवताना वेग असतो कुठे?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कर्व्हला (आखलेल्या वक्र रेषेला) कर्व्ह गाइड हा फोर्स फील्ड, म्हणजे पार्टिकलना (सुट्या कणांना) वाट दाखवणारं बल, लावला, पार्टिकल वाहायला लागले, पण गोगलगाईसारखे. मग पहिला हात जातो व्हेलॉसिटीतल्या नॉर्मलकडे, म्हणजे जन्माच्या वेळच्या वेगाकडे: १ चे ५, ५ चे १०. फरक जवळजवळ शून्य. कर्व्ह गाइडला वेग ठाऊकच नसतो. पार्टिकल जन्मतो कर्व्हच्या सुरुवातीला आणि मरतो टोकाला, एवढंच तो पाळतो. त्यामुळे वेग ठरवतो लाइफटाइम, म्हणजे पार्टिकलचं फ्रेममध्ये मोजलेलं आयुष्य. कर्व्ह १० मीटरचा, २४ एफपीएस (सेकंदाला २४ फ्रेम), लाइफटाइम १२० फ्रेम, म्हणजे ५ सेकंदांत १० मीटर. दुप्पट वेग हवा असेल तर लाइफटाइम ६० करा. सगळे एका चालीने कवायत करताना दिसत असतील, तर लाइफटाइम रँडमनेस ०.३ च्या आसपास न्या. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं झालं की चालही वेगळी होते.

प्रवाहाची जाडी एमिटर, म्हणजे पार्टिकल सोडणारी वस्तू, ठरवतो. जन्माच्या वेळी पार्टिकल कर्व्हच्या पहिल्या बिंदूपासून जितका लांब, तितकंच अंतर तो वाटभर राखतो. एमिटर २ मीटर बाजूला राहिला, तर अख्खा प्रवाह कर्व्हपासून २ मीटर दूर धावेल. म्हणून ०.२ मीटर त्रिज्येचं सर्कल पहिल्या बिंदूवर, कर्व्हच्या दिशेला काटकोनात ठेवा. सर्कल घालताना फिल टाइप एन-गॉन निवडायला विसरू नका. नुसत्या कडेला फेस (पृष्ठभाग) नसतो, आणि एमिशन फेसवरून असेल तर काहीच बाहेर पडत नाही. प्रवाह उलटा गेला, तर एडिट मोडमध्ये कर्व्हला स्विच डायरेक्शन द्या. काहीच हललं नाही, तर कर्व्हच्या डेटात पाथ अ‍ॅनिमेशनची खूण आहे ना ते बघा. मध्येच प्रवाह आवळायचा असेल, तर तिथल्या बिंदूचा रेडियस ऑल्ट-एसने कमी करा.

पहिल्याच फ्रेमला अख्खा कर्व्ह पार्टिकलनी भरलेला हवा? स्टार्ट (पार्टिकल जन्मायला लागतात ती फ्रेम) उणे ठेवा. लाइफटाइम १२० असेल तर −१२० पुरे. त्याआधीचा हिशेब ब्लेंडर पहिल्या फ्रेमलाच उरकतो. एका वेळी ३०० पार्टिकल दिसायचे तर फ्रेमला २.५ जन्मले पाहिजेत. एंड (जन्म थांबतात ती फ्रेम) २५० असेल, तर −१२० ते २५० म्हणजे ३७० फ्रेम, म्हणून नंबर, म्हणजे एकूण पार्टिकल, ९२५.

कर्व्ह गाइडमधला फ्री, म्हणजे आयुष्याचा कर्व्हबाहेरचा हिस्सा, हा आकडा बहुतेक जण हातही लावत नाहीत, पण कामाचा आहे. लाइफटाइम १०० आणि फ्री ०.२ असेल, तर कर्व्ह ८० फ्रेममध्येच संपतो आणि उरलेले २० फ्रेम पार्टिकल मोकळा.

एकाच सिस्टिमला दोन-तीन गाइड लावले, तर सगळे मिळून ओढतात आणि पार्टिकल कर्व्हांच्या मधोमध भरकटतात. मिनिमम डिस्टन्सशी (गाइडचा प्रभाव अंतराने आवरणारा आकडा) झटापट करण्यापेक्षा प्रत्येक कर्व्ह वेगळ्या कलेक्शनमध्ये (वस्तूंच्या गटात) टाका, त्याला वेगळी सिस्टिम द्या आणि त्या सिस्टिमच्या फील्ड वेट्समध्ये इफेक्टर कलेक्शन म्हणून तेच कलेक्शन निवडा.

लूप (सतत फिरत राहणारं अ‍ॅनिमेशन) हवा असेल, तर मात्र मी पार्टिकलऐवजी जिओमेट्री नोड्सच (ठोकळे जोडून आकार घडवायची ब्लेंडरची पद्धत) वापरतो. पॉइंट्स नोडमधून ३०० बिंदू, सीन टाइममधले सेकंद गुणिले ०.२, त्यात प्रत्येक बिंदूचा ० ते १ मधला रँडम व्हॅल्यू मिळवायचा, मग फ्रॅक्शन (दशांशानंतरचाच भाग), आणि ते सॅम्पल कर्व्हच्या फॅक्टरला (० म्हणजे कर्व्हची सुरुवात, १ म्हणजे टोक). त्यातून निघणारी पोझिशन सेट पोझिशनला जोडा, टँजंट (कर्व्हची तिथली दिशा) अलाइन रोटेशन टू व्हेक्टरला. ०.२ म्हणजे ५ सेकंदांत एक फेरी. १० सेकंदांत बरोबर दोन, त्यामुळे लूपला सांधा दिसत नाही. कर्व्ह अनेक असूनही सगळे बिंदू पहिल्यावरच गोळा झाले, तर सॅम्पल कर्व्हमध्ये ऑल कर्व्ह्जची खूण करायची राहून गेली आहे.

इथला खरा सापळा मोशन ब्लरचा, म्हणजे हलत्या वस्तूच्या धूसरपणाचा. फ्रॅक्शन १ वरून ० वर आला की इन्स्टन्स (बिंदूवर बसवलेली वस्तूची प्रत) एका फ्रेममध्ये टोकावरून सुरुवातीला उडी मारतो, आणि रेंडरमध्ये आरपार रेघ उमटते. तोच फॅक्टर फ्लोट कर्व्हमधून स्केलला द्या आणि दोन्ही टोकांना ० ठेवा. उडी तशीच राहते, पण त्या क्षणी दिसायला काही उरत नाही.