देणगी देण्याआधी मी संस्थेचे हिशेब कसे वाचतो

संस्थेच्या माहितीपत्रकात एक गोल आलेख हमखास असतो: शंभरातले नव्वद थेट गरजूंपर्यंत पोचतात वगैरे. तो मी सगळ्यात शेवटी बघतो. तो आकडा कसा काढला ते हिशेबाच्या टिपांत लिहिलेलं असतं, आणि टिपा वाचायला फारसं कुणी जात नाही.

आधी नोंदणी क्रमांक. नावाजलेल्या संस्थेच्या नावातला एखादा शब्द मागेपुढे करून दुसरी संस्था काढता येते, म्हणून शोध क्रमांकावरून घ्यायचा. सरकारी नोंदवहीत नाव सापडलं आणि विवरणपत्रं वेळेवर भरलेली दिसली की पुढे जायचं. नोंदणीवरून काम कसं आहे ते कळत नाही.

मग मी तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतो. एखाद्या वर्षी कुणाच्या मृत्युपत्रातून मोठी रक्कम मिळाली किंवा एखादी आपत्ती आली की सगळी प्रमाणं बिघडतात. लेखापरीक्षकाने अहवालात काही आक्षेप नोंदवला आहे का, हे पहिल्या दोन पानांतच कळतं. त्यानंतर थेट टिपांवर जातो. विश्वस्तांच्या नातेवाइकांना दिलेलं भाडं, कर्ज, कंत्राटं असे व्यवहार तिथे असतात. व्यवहार असणं हा गुन्हा नाही. दर कुणी ठरवला, हा प्रश्न मात्र विचारायचाच.

खरी मेख खर्चाच्या वाटणीत असते. खर्च कार्यक्रम, प्रशासन आणि निधिसंकलन अशा तीन खणांत दाखवतात. देणगी मागणाऱ्या पत्रात आरोग्याच्या चार सूचना छापल्या, की छपाई-टपालाचा काही भाग ‘जनजागृती’ म्हणून कार्यक्रमात टाकता येतो. काही अटी पाळल्या तर हे नियमातही बसतं. म्हणून अशा दोन खणांत वाटलेल्या, म्हणजे संयुक्त खर्चाची टीप शोधून ती रक्कम मी निधिसंकलनात परत टाकतो आणि टक्केवारी नव्याने काढतो.

दुसरी पळवाट वस्तुरूप देणग्यांची. औषधं, कपडे, पुस्तकं फुकट मिळाली की त्यांची किंमत उत्पन्नात धरतात आणि वाटल्यावर तीच कार्यक्रमखर्चात. किंमत चढी लावली की दोन्ही बाजू फुगतात आणि प्रशासनाचं प्रमाण आपोआप घटतं. अमेरिकेत 2015 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी यंत्रणेने सर्व 50 राज्यांसोबत कर्करोगाच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या चार संस्थांवर खटला भरला. देणगीदारांचे 18.7 कोटी डॉलर उकळल्याचा आरोप होता, आणि परदेशी पाठवलेल्या वस्तूंच्या आकड्यांनी हिशेब फुगवल्याचं त्यात म्हटलं होतं. तेव्हा वस्तू बाजूला काढून फक्त रोखीचा ताळा करून बघा.

याचा अर्थ प्रशासनखर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, असा मात्र नाही. लेखापाल आणि देखरेख यांवर पैसा न घालणारी संस्था चुका लपवत नाही, तिला त्या दिसतच नाहीत. गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांनी 2013 मध्ये देणगीदारांना खुलं पत्र लिहून हेच सांगितलं होतं: एवढ्या एका प्रमाणावर संस्था जोखू नका.

राखीव निधीचं गणित सोपं आहे. कुठल्याही अटीत न अडकलेला निधी भागिले महिन्याचा खर्च. वर्षाचा खर्च 120 लाख आणि मोकळा निधी 40 लाख, तर चार महिने. तीन ते सहा महिने ठीक. एका महिन्याहून कमी असेल तर पगार अडकायची भीती. कित्येक वर्षांचा खर्च पडून असेल आणि तरी ‘तातडीचं आवाहन’ येत असेल, तर कारण विचारतो.

कामाबद्दल मी एकच प्रश्न लेखी पाठवतो: गेल्या वर्षी कुठला उपक्रम फसला आणि तुम्ही काय बदललं? किती जणांना प्रशिक्षण दिलं, हे सगळेच सांगतात. त्यातल्या कितींना वर्षभराने काम होतं, हे मोजणारे थोडे. उत्तरात नुसते फोटो आले तर मी थांबतो.

फोनवर कुणी देणगी मागितली, तर तो संस्थेचा नोकर आहे की कमिशनवरचा ठेकेदार, हे आधी विचारतो. ठेकेदार असेल तर त्याचा वाटा किती तेही विचारतो, फोन ठेवतो आणि द्यायचंच ठरलं तर पैसे परस्पर संस्थेच्या नावाच्या खात्यात भरतो.