सूर्यावरचे जेट मोजायचे म्हणजे नक्की काय करायचं: माझा एमएस्सी प्रोजेक्ट

ज्युनिअर्स प्रोजेक्टबद्दल सारखं विचारतात, दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. माझा विषय होता कोरोनल जेट्स. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात, म्हणजे कोरोनात, मधूनच बारीक, लांब, उजळ फवारे उडतात ना, ते. काम असं की एकाच जेटच्या मागे लागायचं नाही, भरपूर जेट गोळा करायचे आणि त्यांची लांबी, वेग, किती वेळ टिकले हे सगळं मांडून त्यात काही पॅटर्न निघतो का ते बघायचं.

माझ्या गाईड मॅडमनी सुरुवातीलाच दोन पेपर हातात दिले. पहिला शिमोजो आणि सहकाऱ्यांचा, १९९६ चा, जपानच्या योहकोह उपग्रहाच्या एक्स-रे दुर्बिणीतून दिसलेल्या १०० जेटचा. त्यात वेग १० पासून १००० किमी प्रति सेकंद, सरासरी साधारण २००, आणि ६८ टक्के जेट सक्रिय भागांमध्ये (जिथे चुंबकक्षेत्र जोरदार असतं) किंवा त्यांच्या आसपास, काहींचं आयुष्य पार १० तासांपर्यंत. दुसरा २००७ चा, हिनोदे उपग्रहाचा, तो ध्रुवांजवळच्या कोरोनल होलमधला, म्हणजे कोरोनातल्या काळपट, विरळ भागातला. तिथे रोज सरासरी ६० जेट, वेग १६० च्या आसपास, आयुष्य जेमतेम १० मिनिटं, उंची ५० हजार किमी. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही वाच आणि मग मला सांग, आकडे इतके वेगळे का आलेत." यात सूर्याचा फारसा हात नाहीये, दुर्बीण वेगळी, बघायची जागा वेगळी, दोन फोटोंमधला वेळ वेगळा. हे डोक्यात बसलं की अर्धा प्रोजेक्ट समजला असं समजा, कारण पुढचे सगळे महिने मी याच एका गोष्टीशी झगडत होते.

डेटा घेतला नासाच्या एसडीओ या सूर्य बघणाऱ्या उपग्रहाचा. हा २०१० पासून वर आहे आणि त्यावरचा एआयए कॅमेरा दर १२ सेकंदाला ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा फोटो काढतो, तोही वेगवेगळ्या वेव्हलेंग्थमध्ये, प्रत्येक वेव्हलेंग्थ म्हणजे एक चॅनल. म्हणजे एका चॅनलचे दिवसाला ७२०० फोटो, आणि होस्टेलचं वायफाय तुम्हाला माहितीये. त्यामुळे पूर्ण सूर्य डाउनलोड करायच्या भानगडीत पडूच नका. स्टॅनफर्डच्या जेसॉक साइटवर ईमेल रजिस्टर केला की कटआउट मागता येतो, फक्त ध्रुवाजवळचा चौकोन, तो पायथनमधून सनपाय लायब्ररीने मागवायचा आणि रात्री लावून झोपायचं. आधी हेलिओव्ह्यूअर साइटवर फुकटात मूव्ही बघून कुठल्या तारखा घ्यायच्या ते ठरवायचं आणि मगच ऑर्डर टाकायची.

तारखांचं पण एक लफडं आहे. ध्रुवावरची कोरोनल होल सोलर मिनिममला, म्हणजे सूर्य सगळ्यात शांत असतो तेव्हा, मोठी आणि स्वच्छ असतात, मागची पार्श्वभूमी काळी असल्यामुळे जेट उठून दिसतो, म्हणून २०१९ घेतलं. आता सूर्याचा अक्ष ७ अंशांपेक्षा थोडा जास्त कललेला आहे, त्यामुळे उत्तर ध्रुव आपल्याला सगळ्यात चांगला दिसतो सप्टेंबरमध्ये आणि दक्षिण ध्रुव मार्चमध्ये. आणि नेमकं याच सुमारास वर्षातून दोनदा एसडीओचा ग्रहणाचा सीझन असतो! पृथ्वी मध्ये येते आणि रोज काही वेळ, जास्तीत जास्त ७२ मिनिटं, सूर्य झाकला जातो. म्हणजे बघायला बेस्ट काळ तोच आणि डेटाला भोकं पडतात तीही त्याच काळात. एखादा जेट ग्रहणाच्या आधी सुरू झाला आणि नंतर गायब, तर त्याचं आयुष्य किती लिहायचं? मी असे सगळे जेट वेगळ्या कॉलममध्ये ठेवले, फेकले नाहीत, कारण फेकले तर जास्त वेळ टिकणारेच जास्त फेकले जातात आणि सगळं वितरण बुटकं होऊन बसतं.

अजून एक, ३०४ अँगस्ट्रॉम (वेव्हलेंग्थचं एकक) चॅनल वापरणार असाल तर त्याची संवेदनशीलता वर्षानुवर्षं घसरत गेली आहे हे लक्षात ठेवा. २०१० आणि २०१९ ची सरळ तुलना केलीत तर सूर्य मंदावला असं वाटेल. एआयएपाय नावाच्या लायब्ररीत त्याचं करेक्शन आहे, दोन ओळींचं काम.

आता खरी डोकेदुखी, जेट कशाला म्हणायचं. पुस्तकात चित्र छान असतं, खाली उजळ ठिपका, वर सरळ दांडा, उलट्या वाय सारखा आकार. स्क्रीनवर मात्र ध्रुवाजवळ प्लूम, म्हणजे लांबट उजळ पट्टे, असतात ते तासन् तास हलत नाहीत, ३०४ मध्ये मॅक्रोस्पिक्यूल, म्हणजे खालच्या थंड थरातले फवारे, उड्या मारत असतात, आणि काही जेट सरळ न जाता गुंडाळी उलगडल्यासारखे फिरत वर जातात, ब्लोआउट जेट नावाचा प्रकार बऱ्याचदा असा दिसतो. मी नियम लावला की लांबी रुंदीच्या किमान तिप्पट हवी, पायथ्याशी उजेड वाढलेला दिसला पाहिजे आणि १९३ आणि ३०४ या दोन्ही चॅनलमध्ये काहीतरी हललं पाहिजे. मग माझ्या स्टॅटवाल्या रूममेटला तोच नियम लिहून दिला आणि तेच तुकडे तिलाही बघायला लावले, चहा-मिसळीच्या बोलीवर. मोठ्या जेटवर आमचं शंभर टक्के जमलं, पण छोट्यांवर भांडणं. "अगं हा कुठे जेट आहे, हा तर नॉइज आहे" आणि "तू चष्मा लाव आधी" असं रात्री दीडपर्यंत. मला विचाराल तर प्रोजेक्टमधला सगळ्यात उपयोगी तक्ता तोच निघाला, कुठल्या आकाराच्या खाली आमच्या दोघींचं एकमत तुटतं त्याचा, कारण तिथून खालचे आकडे विश्वासाचे नाहीत हे त्यातून कळतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या मंडळींनी हाच प्रश्न सोलर जेट हंटर नावाने लोकांपुढे टाकला होता, एकेक क्लिप अनेक स्वयंसेवकांना दाखवायची आणि बहुमत घ्यायचं, त्यातून २०२४ मध्ये ८८३ जेटची यादी आली. आमचं बहुमत दोघींचं, त्यामुळे टाय झाला की मॅडम.

वेग मोजणं त्यामानाने मजेचं. जेटच्या बाजूने एक बारीक पट्टी आखायची, प्रत्येक फोटोतली तेवढीच पट्टी कापून शेजारी शेजारी लावायची, जेट तिरकी रेघ बनून दिसतो आणि त्या रेघेचा चढ म्हणजे वेग. एक पिक्सेल साधारण ४३५ किमी, १६० च्या वेगाने जेट १२ सेकंदात चारेक पिक्सेल सरकतो, म्हणजे छान रेघ मिळते. हेच मिनिटाला एक फोटो घेतला तर जलद आणि छोटे जेट दोन-तीन फोटोंत संपून जातात. शिवाय मिळतो तो आकाशाच्या पडद्यावरचा वेग, जेट आपल्याकडे किंवा पलीकडे झुकलेला असेल तर खरा वेग जास्तच असणार.

मग आकडेमोड. मला एनर्जीपर्यंत जायचंच होतं, कारण सगळी गंमत तिथे आहे. फ्लेअरसारख्या घटना, म्हणजे सूर्यावरचे अचानक होणारे ऊर्जेचे स्फोट, पॉवर लॉने वाटलेल्या असतात, मोठ्या कमी आणि छोट्या प्रचंड, आणि हडसन या शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवलं की त्या पॉवर लॉचा स्लोप (छोट्यांकडे जाताना घटना किती झपाट्याने वाढतात तो आकडा) २ पेक्षा जास्त असेल तर छोट्या घटनांची एकूण एनर्जी मोठ्यांवर भारी पडते. आता पृष्ठभाग साडेपाच हजार डिग्री आणि वरचा कोरोना दहा लाखाच्या वर, याचं श्रेय पार्कर या शास्त्रज्ञाच्या कल्पनेप्रमाणे इवल्या नॅनोफ्लेअरना द्यायचं तर हा २ चा आकडा फार महत्त्वाचा. म्हणजे सगळा निकाल छोट्या घटनांवर, आणि आपल्याला नेमक्या त्याच नीट दिसत नाहीत. धावत्या एसटीत बसून रस्त्यावरचे खड्डे मोजल्यासारखं आहे, गचका बसला तेवढेच मोजले जाणार आणि वर आपण म्हणणार की या रस्त्यावर छोटे खड्डे नाहीतच.

एनर्जीसाठी वस्तुमान हवं, वस्तुमानासाठी घनता, आणि ती सगळ्या जेटना एकच धरली. वेगाचा वर्ग होतो, म्हणून वेग निम्मा मोजला गेला तर एनर्जी चौथ्या हिश्शावर येते. हे सगळं चुकांच्या पट्ट्यांसकट (एरर बार) लिहायचं, लपवायचं नाही.

पहिला ग्राफ लॉग-लॉगवर (दोन्ही अक्षांवर लॉग) काढला तेव्हा सुंदर सरळ रेघ. रूममेटने बघितलं आणि म्हणाली, "लॉग-लॉगवर काहीही सरळच दिसतं गं." तिच्या म्हणण्यावरून हिस्टोग्रामवर रेघ मारणं बंद केलं, कारण खाने कसे पाडता त्यावर स्लोप बदलतो, त्याऐवजी मॅक्झिमम लाइकलीहूड (खाने न पाडता थेट आकड्यांवरून स्लोप काढायची पद्धत) वापरलं आणि खालची मर्यादा तिथे ठेवली जिथे आमचं एकमत तुटत होतं. मर्यादेच्या वर चाळीसएक जेट उरले. आता स्लोपमधली अनिश्चितता साधारण स्लोप वजा एक भागिले नगांचं वर्गमूळ, म्हणजे २ च्या जवळच्या स्लोपला चाळीस जेटवर ०.१६. माझं उत्तर २ च्या इतकं जवळ होतं की अलीकडे की पलीकडे हे या डेटावरून ठरूच शकत नव्हतं. वर लॉगनॉर्मलही (आकड्यांचा लॉग घेतला की घंटेसारखा आलेख देणारं वितरण) तितकाच छान बसत होता. आयुष्याचं वितरणही तसंच, पॉवर लॉ की लॉगनॉर्मल ते सांगता येत नाही.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी हेच पकडलं, "म्हणजे निष्कर्ष काय, काहीच नाही?" मी म्हटलं सर, निष्कर्ष हा की स्लोप ठरवायला किती जेट लागतील ते आता सांगता येतं, चूक ०.०५ वर आणायची तर मर्यादेच्या वरचे साधारण ४०० तरी हवेत, आणि कॅमेरा जास्त बारीक हवा. सोलर ऑर्बिटर यानाचे २०२३ मध्ये छापून आलेले पिकोफ्लेअर जेट त्यांना दाखवले, काहीशे किमीचे, २० ते १०० सेकंद टिकणारे. एआयएच्या एक-दोन पिक्सेलमध्ये ते विरघळून जातात. सर थोडा वेळ गप्प बसले, मग घनतेवर घसरले, तिथे मात्र माझी बरीच सालटी निघाली.

पुढच्या बॅचला आदित्य-एल१ वर काम करायचंय असं ऐकलं. त्यावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची आहे, २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये (अतिनील प्रकाशात) बघते, म्हणजे तिथे जेटचा वरचा दांडा शोधत बसू नका, त्याचा पायथा, खालच्या थरातला उजेड, तो बघा आणि वरचा भाग एआयएमधून जोडा. दोन्हींच्या वेळा आधी जुळवून घ्या, आणि तुमची स्टॅटवाली रूममेट नसेल तर एक शोधा.