सध्या काय चालू आहे?

दर २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून बुंदीची पुडी खिशात पडली, की आम्ही चित्रकलेच्या सरांच्या शेताकडे निघायचो. धुऱ्यावरच्या आंब्याखाली ताडपत्री अंथरलेली असायची. बाजूला गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत असायचे आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सरांचा कारटेप जोडलेला असायचा. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात लाइन कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून बॅटरी. पुढच्या वावरात फरदडीच्या कापसाची वेचणी चालू असे, आणि इकडे आम्ही पंधरा-वीस जण जॅझ ऐकत बसलेलो असू.

या मंडळाला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं. नियम मात्र एक होता आणि सर तो कधी मोडू देत नसत. प्रत्येकानं एकच अल्बम आणायचा, आणि तो सध्या ऐकत असलेला पाहिजे. आवडता कोणता, उत्तम कोणता, हे कुणी विचारायचं नाही. सर एकेकाकडे वळून म्हणायचे, "हं, सध्या काय चालू आहे?" आवडत्या गोष्टीबद्दल माणूस सजवून बोलतो. सध्याचं सांगताना घरातलं, मनातलं थोडं तरी बाहेर येतंच.

सरांना हे वेड शॉर्टवेव्हनं लावलं. तरुणपणी खोलीवर एकटे असताना मर्फीच्या रेडिओवर त्यांना रात्री व्हॉइस ऑफ अमेरिकेवर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओवर, निवेदक विलिस कोनोव्हर सापडला. १९५५ पासून त्याचा जॅझचा कार्यक्रम जगभर जात होता. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं 'टेक द ए ट्रेन' वाजायचं आणि मग तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा, इंग्रजी कच्चं असलेल्यालाही कळावं म्हणून. ते प्रक्षेपण अमेरिकेतल्या लोकांसाठी नव्हतंच, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या देशात त्याला फारसं कुणी ओळखत नसे. सर हे दर वर्षी सांगायचे, आणि दर वर्षी त्यांचा आवाज जरा ओला व्हायचा.

मी आठवीत असताना पहिल्यांदा गेलो. त्या वर्षी सरांचे मेहुणे मुंबईहून आले होते. मूर्तिजापूरला मेल सोडून वाफेच्या इंजिनाच्या शकुंतलेनं दारव्ह्याला उतरले, आणि त्यांच्या पिशवीत रेकॉर्डवरून भरून घेतलेली एक कॅसेट होती. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ चा. भजनी मंडळाचे पेटीवाले आजोबाही आले होते, रोडग्यांसाठी म्हणून. पेटी सोबत होतीच. तिच्याशिवाय ते कुठं जात नसत.

पहिलं गाणं सुरू झालं, 'सो व्हॉट'. आजोबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "मास्तर, हे त काफी राग होय. गंधार कोमल, निषाद कोमल." त्यांनी पेटीवर सूर शोधायला घेतला आणि अडकले. पांढरी दोन दाबली, सूर खाली राहिला. काळी दोन दाबली, वर गेला. "मधातच अटकलं बाप्पा. काऊन बसत नाही हे?"

कुणी म्हणालं, बॅटरी उतरली असेल. आजोबा म्हणाले, "बॅटरी उतरली त सूर उतरन. हा त चढेल आहे." कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूचं 'ऑल ब्लूज' पांढरी पाचमध्ये नीट बसलं, पेटीचा एकही सूर खुपला नाही. तोच टेप, तीच बॅटरी, तीच कॅसेट. आणि ताल सहा मात्रांचा, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या घरचा. खंजिरीवाले काका तुकडोजी महाराजांची भजनं म्हणत मोठे झालेले. त्यांनी बोटांच्या टोकांनी जो हलका ठेका धरला, तो साडेअकरा मिनिटं सोडला नाही. तेवढा वेळ आरातल्या रोडग्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एक बाजू करपलीच.

पहिल्या बाजूचं कोडं पुढं कितीतरी वर्षांनी सुटलं. हा अल्बम दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. मार्चमध्ये मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे त्या दिवशीची तिन्ही गाणी बरोबर वेगानं वाजवली की सूर वर चढतो. ती तिन्ही रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला आहेत. १९९२ च्या आवृत्तीत हा वेग पहिल्यांदा दुरुस्त झाला. न्यूयॉर्कमधली ती चूक आमच्या आजोबांनी धुऱ्यावर बसून, एका जुन्या पेटीवर पकडली होती. दुरुस्त केलेली सीडी मी मंडळात नेली तेव्हा आजोबांना चालायला आधार लागत होता. त्यांनी पांढरी दोन दाबून धरली. चार-चार मात्रांच्या मधल्या आठ आवर्तनांत सगळा डोलारा अर्ध्या सुरानं वर जातो, तिथं बोट काळी दोनवर सरकवलं, मग परत आणलं. "आता बसलं," एवढंच म्हणाले.

एका वर्षी अवकाळी पावसानं गाठलं. शेतातून पळत आम्ही सरांच्या घरी, कापूस भरलेल्या खोलीत शिरलो. तीन भिंतींना आढ्यापर्यंत कापूस, मधे जेमतेम बसायला जागा. त्या कापसात आवाज असा मुरायचा की खोलीचा स्वतःचा घुमारा उरतच नव्हता. पुन्हा तोच अल्बम लावला, आणि पॉल चेंबर्सच्या बासची एकेक तार सुटी ऐकू आली. त्याहून नवल म्हणजे वाद्यांमागची एक मोठी, उंच जागा ऐकू आली. कोलंबिया कंपनीचा थर्टीएथ स्ट्रीटवरचा तो स्टुडिओ म्हणजे जुनं चर्च, छत खूप उंच. तो घुमारा तिथला होता. नंतर मी चांगल्या यंत्रांवर पुष्कळ ऐकलं, पण तसं ऐकणं पुन्हा झालं नाही.

पुढं सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह, मग फोन. खंजिरीवाल्या काकांनी एकदा पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट' आणला आणि 'टेक फाइव्ह'च्या पाच मात्रा मुलांना हाताच्या बोटांवर शिकवल्या, तीन आणि दोन. अंगणवाडीच्या ताईंनी अ‍ॅलिस कोल्ट्रेनचा १९७१ चा अल्बम आणला, ज्यात हार्पखाली सतत तंबोरा चालू असतो. ताई त्या हार्पला स्वरमंडळच म्हणायच्या.

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या त्या वर्षी सरांनी जॉन कोल्ट्रेनचा 'बॅलड्स' लावला. ज्याचा सॅक्सोफोन इतर वेळी आगीसारखा अंगावर येतो, तो इथं एकेक धून जवळजवळ जशीच्या तशी, हळू वाजवतो. पुढच्या वर्षी सरांनी तोच आणला. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. "सध्या हाच चालू आहे," म्हणाले. कुणी काही बोललं नाही, खंजिरीवर बोटसुद्धा पडलं नाही. चौथ्या वर्षी त्यांनी एलिंग्टनचा 'फार ईस्ट सूट' काढला, १९६३ च्या त्या दौऱ्याच्या आठवणींतून झालेला, ज्यात एलिंग्टन भारतातही येऊन गेला होता. त्यातल्या दिल्लीच्या मैनेची शीळ क्लॅरिनेटवर सुरू झाली आणि सर हसले. मला तेव्हा रडू आलं. ताईंनी पाठीवर हात ठेवला आणि पानात रोडगा वाढला.

सरांना आता कमी ऐकू येतं. टेपच्या डब्यावर तळहात ठेवून ते बास ऐकतात. या जानेवारीसाठी मी सॅक्सोफोनवाल्या सनी रोलिन्सचा 'द ब्रिज' काढून ठेवलाय. भरात असताना १९५९ मध्ये त्यानं कार्यक्रम थांबवले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर दिवसचे दिवस एकट्यानं रियाज केला. परतल्यावर १९६२ मध्ये हा अल्बम आला. वेचणीचा हिशेब लिहिताना रोज रात्री तोच लावतो. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.