पीडीटीचा माझा अनुभव आणि राहिलेली एक सही

डाव्या नडगीवरचा लाल, खवले धरलेला चट्टा इसब समजून मी वर्षभर त्यावर मलम चोळत होते. बायोप्सीत बोवेन्स डिसीज निघाला, म्हणजे कातडीच्या अगदी वरच्या थरापुरता कॅन्सर. नडगीवरची जखम लवकर भरत नाही, म्हणून इथे स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांनी पीडीटी (फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे क्रीम लावून त्यावर प्रकाश टाकायचा उपचार) सुचवली. आठवड्याच्या अंतराने दोनदा.

सकाळी ९ ला नर्सने खपली खरवडून क्रीम लावलं आणि वर उजेड न लागणारी पट्टी बांधली. ३ तास थांबायचं. तेवढ्यात पेशी क्रीमपासून पोर्फिरिन नावाचं प्रकाशाने जागं होणारं द्रव्य बनवतात, रोगट पेशी जास्त. निळ्या प्रकाशात ते लाल चमकतं, म्हणून फोटो काढून औषध कुठे मुरलंय ते बघतात. मग साधारण ६३० नॅनोमीटरचा लाल दिवा. त्यात रोगट पेशी मरतात आणि पोर्फिरिनही संपतं, चमक विझते. म्हणजे आधीचा फोटो राहिला की राहिलाच.

माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. फोटो विभाग दुसऱ्या इमारतीत. १२ ला पोचले तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, संमतीपत्रावर डॉक्टरांची सही नाही. माझी होती, नर्सची होती. डॉक्टर ओपीडीत, फोन कोणी उचलेना. साडेबारा झाले, पाऊण झाला. एकजण म्हणाला, फोटोशिवायही उपचार होतील. होतील, पण मग नंतरचा फोटो कशाशी ताडून बघणार? मी खुर्चीवरून हलले नाही. १ वाजून १० मिनिटांनी नर्स स्वतः सही घेऊन धावत आली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पडद्यावर चट्टा डाळिंबाच्या दाण्यासारखा लालगुलाबी दिसला, आणि वरच्या कडेला नुसत्या डोळ्यांना दिसायचा त्याहून बोटभर पुढे गेलेला! नर्सने पेनाने नवी रेघ आखली, दिवा तिथपर्यंत धरला. एवढ्यासाठीच मी अडून बसले होते.

दिव्याखाली मिरची चोळल्यासारखी आग होते. थंड हवेचा झोत आधीच मागून घ्या. नंतरच्या फोटोत ती जागा विझलेली होती. हो, सैल पायजमा घालून जा, पट्टीवर घट्ट कपडा नको. आणि पुढचे दोन दिवस ती जागा उन्हापासून झाकून ठेवा.

दुसऱ्या खेपेला मी क्रीमच्या आधी कागद मागितला, तिन्ही सह्या बघितल्या आणि मगच पाय पुढे केला.