धामणीची अंडी आणि थर्माकोलची पेटी : माझा अनुभव

ब्यूटी रॅट स्नेक हा साप मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण त्याची जोडी कशी लावतात, हिवाळ्यात त्याला दोन-तीन महिने गारव्यात का ठेवतात, अंडी कशात ठेवतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कॉलेजात असल्यापासूनचं हे वेड. पिवळसर-हिरवट अंग, डोळ्यामागून निघालेला काळा पट्टा आणि शेपटीपर्यंत गेलेल्या गडद रेघा. तैवानमधला तर सहज दोन मीटरच्या पुढे जातो. व्हिएतनामच्या सापावर निळसर झाक असते. मलेशिया-थायलंडच्या चुनखडीच्या गुहांमध्ये राहणारा अंधारात वटवाघळं पकडून खातो. परदेशात हे साप पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या अनुभवावरच माझं सगळं वाचन उभं आहे.

मलाही पाळायचा होता. नाशकात, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, काचेच्या पेटीत. चौकशी करायला लागले तेव्हा कळलं की हा साप आपल्याकडे सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचलच्या डोंगरातही राहतो. आणि भारतातला रानटी साप म्हटला की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो घरात ठेवायला सामान्य माणसाला वाव नाही. एकाने सांगितलं, "ताई, बाहेरून आलाय म्हणायचं, कोण विचारतंय!" ते मला पटलं नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर बाहेरून आणलेले तैवानचे ब्यूटी स्नेक मोकळे सुटले आणि तिथल्या रानात रुजले. तिथल्या पक्ष्यांनी, लहान प्राण्यांनी त्याचं काय घोडं मारलं होतं? शौकीन माणसाने हे आधी वाचावं आणि मग पेटी विकत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मी पेटी घेतली नाही. पण वाचलेलं डोक्यात राहिलं, आणि ते कामाला आलं आमच्या मखमलाबादच्या मळ्यात, धामणीच्या अंड्यांसाठी.

मृगाच्या तोंडावर दादाने शेणखताचा जुना ढीग हलवायला जेसीबी लावला होता. द्राक्षबागेच्या सरीत खत भरायचं होतं. ढिगाचा अर्धा भाग उचलला गेला आणि आतल्या उबदार, भुसभुशीत थरात पांढऱ्या अंड्यांचा पुंजका दिसला. डझनाच्या आसपास असतील, लांबट, कवच कडक नाही, चामड्यासारखं मऊ, आणि बरीचशी एकमेकांना चिकटलेली. मजुरांमध्ये लगेच कालवा झाला. नागाची अंडी म्हणून एकाने फावडं उचललं. अण्णांनी त्याचा हात धरला. "ज्या वर्षी बांधावर धामण दिसते त्या वर्षी ठिबकच्या नळ्या कमी कुरतडल्या जातात," हे अण्णा मी लहान असल्यापासून सांगतात. उंदीर-घुशींनी या नळ्या तोडल्या की पाणी कुठे जातं आणि घड कसे सुकतात हे ज्याने पाहिलंय त्याला धामणीची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

मी फोनवर दादाला एवढंच सांगितलं: हात लावू नका, अंडी उलटू नका, वर तेच खत पसरून ओल्या गोणपाटाने झाका, आणि १९२६ ला फोन कर. ती आपल्या राज्याच्या वनविभागाची हेल्पलाइन आहे. पुष्कळांना वाटतं की साप पकडणं हाच तेवढा गुन्हा. पण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तिच्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना, घरट्याला धक्का लावणं हेसुद्धा येतं. म्हणजे ती अंडी प्रेमाने उचलून घरी नेणारी मी आणि फावडं मारणारा मजूर, कायद्यापुढे दोघंही एकाच रांगेत. म्हणून आधी वनविभाग, मग पेटी. हा क्रम सोडायचा नाही.

वनरक्षक आले, त्यांच्याबरोबर पंचवटीतले नोंदणी असलेले सर्पमित्र काका आले. काकांचा पहिला प्रश्न होता, अंडी आहेत तिथेच ठेवता येतील का. तेच सर्वांत चांगलं असतं. पण ढिगाची उत्तरेकडची बाजू जेसीबीने उघडी पाडली होती, ऊन थेट आत येत होतं आणि उरलेला ढीग ढासळत होता. मग जागेवरच पंचनामा झाला, फोटो झाले, अंड्यांची संख्या लिहिली गेली, आणि अंडी काकांच्या ताब्यात द्यायचं ठरलं. मी मदतीला राहू का विचारलं. काका म्हणाले, "राहा की, पण नोंदी तुम्ही ठेवायच्या. मला लिहायचा कंटाळा." दोन महिन्यांचं काम मला असं मिळालं.

ही अंडी धामणीचीच, असं काकांनी त्या दिवशी कोणालाही सांगितलं नाही. नागाची अंडीही जवळपास अशीच दिसतात, आणि नागाचं पिल्लू अंड्यातून निघाल्या क्षणापासून विषारी असतं. आजूबाजूला धामण दिसत होती, उंदरांची बिळं होती, अंदाज धामणीचाच होता. पण पेटीला कुलूप पहिल्या दिवसापासून लागलं. काकांच्या घरात नातवंडं आहेत, त्यामुळे पेटी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत. अंदाजावर सापाच्या कामात काही सोडायचं नाही, हे काकांचं शिकवणं मला फार मोलाचं वाटतं.

आता उचलण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त अंडी इथेच मरतात. कोंबडीची अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, हे खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तोच नियम माणसं सापाला लावतात. सापाच्या अंड्यात उलट आहे. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर बलकाचा भार त्याच्यावर येतो आणि तो गुदमरतो. म्हणून काकांनी उचलायच्या आधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर शिसपेन्सिलने हलकी फुली मारली. मार्करची शाई नको, कवच श्वास घेतं. चिकटलेली अंडी सोडवायची नाहीत, पुंजका आहे तसा उचलायचा. खाली खताचा थर ठेवूनच ती क्रेटमध्ये आली. गाडी मखमलाबादहून पंचवटीपर्यंत दादाने जितकी हळू चालवली तितकी त्याने लग्नाच्या वरातीतही चालवली नव्हती.

पेटी अगदी साधी होती. थर्माकोलचा मोठा खोका, तळाला चार बोटं पाणी, पाण्यात मत्स्यालयाचा हीटर, पाण्यात दोन विटा आणि विटांवर झाकणाचा प्लास्टिकचा डबा. डब्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ते नाशकात मिळवायला अडचण नाही, प्रत्येक रोपवाटिकेत असतं. कोकोपीट भिजवून मुठीत घट्ट पिळायचं. थेंब पडला तर पाणी जास्त, मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर कमी. अंडी त्यात निम्मी रुतवायची, फुली वर. डब्याला बाजूला बारीक भोकं. आणि झाकण थोडं तिरकं, म्हणजे आतून जमलेले थेंब अंड्यावर न पडता कडेने ओघळतात. ही तिरक्या झाकणाची गोष्ट मी ब्यूटी स्नेक वाढवणाऱ्यांकडूनच वाचली होती, काकांना सांगितली, आणि त्यांनी तिथल्या तिथे विटेखाली लाकडाची चीप सरकवली. तो दिवस माझ्यासाठी सणासारखा होता.

तापमान. ब्यूटी स्नेकची अंडी लोक २६ ते २८ अंशांवर ठेवतात. काका धामणीसाठी २८ ते ३० धरतात. पावसाळ्यात नाशकात रात्री चांगला गारवा असतो, म्हणून हीटर लागतोच. वीज गेली तर? पहिल्या आठवड्यात मला याचीच धास्ती होती. पण कोमट पाणी आणि थर्माकोल मिळून काही तास ऊब धरून ठेवतात, आणि थोडा गारवा आला तर उबवणी लांबते एवढंच. खरा धोका जास्त उष्णतेचा. त्यात पिल्लांच्या मणक्याला व्यंग येतं, नाहीतर ती आतच मरतात. त्यामुळे काकांनी दोन थर्मामीटर ठेवले होते, एक पाण्यात, एक अंड्यांच्या उंचीवर. मी वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहीत होते. ज्या दिवशी जाणं जमत नसे त्या दिवशी काकू फोनवर वाचून दाखवायच्या.

मुंग्या हा आणखी एक शत्रू, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. पावसाळ्यात मुंग्या गच्चीवर चढतात आणि मऊ कवच पोखरतात. पेटी ज्या स्टुलावर होती त्याचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले. आजीच्या वेळी दुधाचं भांडं असंच ठेवायचे.

मधल्या काळात करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, आणि तेच अवघड जातं. आठवड्याला एकदा झाकण उघडून हवा बदलायची. एकदा काकांनी खोली अंधारी करून मोबाइलच्या टॉर्चने अंडं न उचलता बाजूने उजेड दाखवला. आत लालसर बारीक शिरांचं जाळं होतं. कितीतरी वर्षं फोटोत पाहिलेलं ते जाळं डोळ्यांनी पाहताना मला बोलता येईना. दोन अंडी पिवळी पडून खचली, त्यांवर बुरशी धरली. एक सुटं होतं, ते काढून टाकलं. दुसरं पुंजक्यात चिकटलेलं होतं, ते तसंच राहू दिलं, कारण ओढून काढताना शेजारच्याचं कवच फाटतं. जिवंत अंडं बुरशीला बहुतेक वेळा दाद देत नाही, हे तेव्हा समोर पाहिलं. बाकीची अंडी पाणी ओढून टपोरी होत गेली.

या दिवसांत मळ्यावर आलेला प्रत्येक पाहुणा काही ना काही सांगून जायचा. धामण गायीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. धामण म्हणजे नागाची बायको. पहिल्याला उत्तर असं की सापाच्या तोंडाची रचनाच चोखण्याजोगी नाही. दुसऱ्याला उत्तर हे की धामणीत नर वेगळा, मादी वेगळी, आणि नाग ही वेगळी जात. पावसाच्या सुरुवातीला दोन धामणी एकमेकींना पिळा घालून उभ्या राहतात, लोक त्यांच्यावर नवं कापड टाकतात आणि ते शुभ म्हणून घरात जपून ठेवतात. ती बहुतेकदा दोन नरांची झुंज असते. कापड टाकणाऱ्या आमच्या शेजारच्या आजींना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे गं, झुंज तर झुंज, मारलं तर नाही ना कोणी." मला त्यांचं म्हणणं आवडलं.

श्रावण लागल्यावर अंडी वरून किंचित चेपू लागली. आधी चेपली असती तर ओल कमी म्हणून काळजी करायची. शेवटी चेपणं म्हणजे वेळ जवळ आल्याची खूण. मग एका सकाळी काकूंचा फोन आला, एका अंड्यावर ब्लेडने मारावी तशी चीर आहे. पिल्लाच्या वरच्या जबड्याला टोकाशी बारीक अंडदात असतो, त्याने ते कवच आतून चिरतं. मी पोचले तेव्हा त्या चिरेतून एक डोकं बाहेर आलं होतं. मोठे गोल डोळे, ओठांवर काळ्या रेघा, फणा नाही. काका इतक्या दिवसांनी पहिल्यांदा म्हणाले, "धामण."

डोकं बाहेर आलं तरी पिल्लू लगेच निघत नाही. उरलेला बलक पोटात ओढून घेईपर्यंत ते तसंच बसून राहतं, कधी दिवसभर, कधी जास्त. तेव्हा ओढून काढायचा मोह टाळायचा. ओढलं तर बलकाची पिशवी फाटते. पुढच्या दोन-तीन दिवसांत एकेक करून पिल्लं बाहेर आली, राखाडी-तपकिरी, मानेजवळच्या भागात फिकट आडव्या पट्ट्या, आणि हात जवळ नेला की तोंड उघडून झेप घेणारी. एक पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच मेलेलं निघालं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

सोडायचं कुठे यावर थोडी चर्चा झाली. कोणी म्हणालं पेठ-हरसूलच्या जंगलात न्या. काकांनी आणि वनरक्षकांनी दोघांनीही नको म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. धामण शेताचा साप आहे. तिला बांध, बिळं, कालव्याचा काठ हवा, अनोळखी डोंगर नको. पिल्लांना सुरुवातीला लहान बेडूक लागतात आणि श्रावणात आमच्या कालव्यालगत त्यांना तोटा नसतो. आणखी ठेवून घेण्यातही अर्थ नव्हता. अंगात बलक असतो तोवर ती उपाशी नसतात, पहिली कात टाकली की भूक लागते. म्हणून कात पडल्याबरोबर, वनरक्षकांसमोर, मोजून, नोंद करून, सकाळी कोवळ्या उन्हात ती वेगवेगळ्या जागी सोडली. सगळी एकाच ठिकाणी सोडली तर एखादा मुंगूस किंवा भारद्वाज एका दिवसात निकाल लावेल.

दादाने यंदा खताचे दोन ढीग केले आहेत. सरीत भरायचा ढीग रस्त्याकडेला, आणि बांधाच्या कडेचा जुना छोटा ढीग गणपती होईपर्यंत हलवायचा नाही, असं त्याने जेसीबीवाल्यालाही सांगून ठेवलंय. तुमच्या मळ्यात अंडी निघाली तर १९२६ ला फोन करताना तीन गोष्टी सांगा: अंडी उघडी पडली आहेत की झाकलेली, ऊन लागतंय का, आणि कोणी ती हलवली आहेत का. एवढ्यावरून येणाऱ्या माणसाला ठरवता येतं की सोबत क्रेट आणायचं की नुसतं गोणपाट.