गिरणी आली तेव्हा

आजीचं खरं वय कुणालाच माहीत नाही. आधार कार्डावर १ जून पडलाय, तो शाळेतल्या मास्तरांच्या कृपेने आपल्या सगळ्यांच्या आजी-आजोबांच्या नशिबी येतो तोच. तिचा हिशोब वेगळा. 'कोयनेचा भूकंप झाला तवा तुझा बाप रांगत व्हता' हे एक, आणि 'गिरणी आली तवा' हे दुसरं. बाकी सगळं या दोन खुंट्यांना अडकवलेलं.

मी लहानपणापासून तिच्याकडून 'जुन्या काळच्या गोष्टी' काढायला बघते, म्हणजे सणवार, बैलगाडी, जात्यावरच्या ओव्या वगैरे. ती मात्र दर वेळी दळणावरच येते, आणि त्यात गोडवा काही नसतो.

गाव माणदेशातलं, दहिवडीच्या पुढं. घरात चौदा खाणारी तोंडं आणि सुगीत गडी वेगळे. रोजचं दळण दीड पायली जोंधळा, म्हणजे सहा शेर. हे पहाटेच. आजी आणि तिची थोरली जाऊ समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचा एकेक हात. दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे जात्यात मुठीने दाणे, घालायची. मूठ मोठी पडली की पीठ भरड येतं, भाकरी थापताना तुटते, मग सासूबाई तव्यावरची भाकरी बघून दोघींतलं नेमकं कोण ते ओळखायच्या. उजव्या तळव्याला करंगळीखाली आजीला अजून घट्टा आहे. मी बोट लावून बघितलंय, टाचेसारखा कडक.

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप पहाटे चार वाजून गेल्यावर झाला, म्हणजे बरोबर दळणाच्या वेळेला. आमचे पप्पा आजीच्या पसरलेल्या पायावर झोपलेले, मूल असंच पायावर घेऊन दळायची रीत होती.

"आदी वाटलं जाऊबाईनी झटका मारला. मी म्हनलं, आवं जरा हळू. त्या म्हनत्यात, मी न्हाई, तूच वडतीयास. दोघींनी हात सोडला, तरी जातं आपलं हलतंयच! मंग उतरंड खाली आली."

सासूबाई ओरडल्या तशा सगळ्या अंगणात पळाल्या. थंडीत कुडकुडत उभ्या राहिल्या, गुरं दाव्याला हिसके देत होती. पप्पा झोपलेलेच. थोड्या वेळाने धरणी थांबली, कोंबडं आरवलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "चला, दळान अर्धं ऱ्हायलंय."

हे वाक्य आजीने मला किमान वीस वेळा सांगितलं असेल. रागाने नाही सांगत. पण विसरलीही नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने गावात डिझेल इंजिनावरची पिठाची गिरणी आली. धुराच्या नळीवर मडकं पालथं घातलेलं, त्यामुळे तो 'पुक पुक पुक' आवाज मळ्यात ऐकू जायचा. आवाज सुरू झाला की शेतातल्या बायका खुरपं थांबवायच्या म्हणे. आमच्या घरचं दळण मात्र जात नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, गिरणीत पीठ तापतं, त्याला जिगट राहत नाही, आणि शिवाय घरात दोन-दोन सुना असताना पैसे कशाला घालायचे? (या शेवटच्या मुद्द्यावर घरातल्या पुरुषांचंही एकमत होतं.)

शेवटी दोघी जावांनी अंडी विकून पैसे साठवले आणि सासूबाई माहेरी गेल्यावर पायलीभर जोंधळा गिरणीत नेला. पीठ गरम असताना डब्यात भरलं नाही, घोंगडीवर पसरून गार केलं. चार दिवसांनी सासूबाई आल्या, भाकरी खाल्ली, काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "आताशा दळान बारीक यायला लागलंय."

ते कळल्यावर काय झालं हे आजी सांगत नाही. नुसतं हसते.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, पोरांना सुकडी मिळाली तर मिळाली. "त्यात ते मिलो जात्यावर दळायचं आसतं तर मी मेलेच आसते," असं ती म्हणते. तेव्हा सासूबाई स्वतःच डोक्यावर पाटी घेऊन गिरणीच्या रांगेत बसायच्या.

मागच्या महिन्यात मी तिला मोबाइलवर जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या काही रेकॉर्डिंगसकट ऐकायला मिळतात. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल, एखादी ओवी आठवेल. आजीने फोन कानाला लावला, डोळे मिटले, दोन ओव्या ऐकल्या.

"दमलीय बाई," म्हणाली. "दम कुठं घेतीय बघ. जड जातंय तिला."

तुला येतात का गं, विचारलं तर म्हणाली, बसल्यावर यायच्या, आता उठल्यावर कुठल्या यायला. पण तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता, हे तिच्या लक्षात नव्हतं.

ते जातं आता मोरीजवळ पालथं पडलंय, त्यावर कपडे आपटतात. दिवाळीत चुलतभाऊ आला होता. त्याला ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचंय, हॉलमध्ये ठेवणार, वर काचेचं टेबल करणार. आजीला विचारायला गेला.

"ने की," आजी म्हणाली. "पर दळाय कोन बसनार, ते आदी दोघांनी ठरवून घ्या."